अडीच टीबी स्कॅन, खारी हवा आणि वीस वर्षं: कशावर साठवावं?

पोथीशाळा
तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, रत्नागिरी जिल्हा, समुद्र दोन किलोमीटरवर. जुनी मासिकं आणि दुर्मीळ पुस्तकं मिळून सुमारे १ लाख पानं स्कॅन झाली आहेत. ४०० डीपीआय, २४ बिट रंगीत, टिफ फाइल, शिवाय वाचकांसाठी पीडीएफ. सगळं मिळून अडीच टीबीच्या आसपास. हे निदान वीस वर्षं शाबूत राहायला हवं, कारण मूळ कागद आता परत स्कॅनरवर ठेवण्याच्या अवस्थेत नाहीत.

समितीत चार मतं आहेत: बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, एसएसडी (फिरणारं काही नाही म्हणून), ब्लू-रे तबकड्या, आणि दर वर्षाच्या अंकांना एक याप्रमाणे पेन ड्राइव्ह. खोलीला एसी नाही. जून ते सप्टेंबर कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर लागतात. वीज दिवसातून दोनदा जाते, इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

चुंबकसूची
आधी आकडा तपासून घेऊ. डेमी आकाराचं पान ५.५ × ८.५ इंच. ४०० डीपीआयला २२०० × ३४०० ठिपके, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे पानामागे साधारण साडेबावीस एमबी. १ लाख पानांचे सव्वादोन टीबी, त्यात पीडीएफ धरल्या की तुमचा अंदाज बरोबर आहे.

आता हार्ड डिस्क की एसएसडी. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, हेड सरकायला वर आठ-नऊ. म्हणून विखुरलेल्या बारीक वाचनात ती सेकंदाला शंभरच्या आत अडकते, तिथं साध्या साटा जोडणीची (संगणकातली डिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडीही हजारोंनी पुढे असते. विंडोज चालवायला, सॉफ्टवेअर उघडायला हा फरक जाणवतो. तुमच्या फाइल मात्र प्रत्येकी वीस-बावीस एमबीच्या, एकदा लिहायच्या आणि क्वचित वाचायच्या. सलग वाचनात हार्ड डिस्क बाहेरच्या वर्तुळांवर १५०-२०० एमबी प्रतिसेकंद देते, आतल्या वर्तुळांवर जवळपास निम्मं. सरासरी १३० धरली तर अडीच टीबी साडेपाच तासांत उतरतात. या कामासाठी वेगाचे पैसे मोजू नका. वाचकांच्या टेबलावरच्या संगणकात पीडीएफ ठेवायला ५०० जीबीची एसएसडी जरूर घाला. ती वापरातली प्रत, जपायची नव्हे.

खारवारा
एसएसडी वीज न देता कपाटात ठेवली की वर्षभरात कोरी होते. तो पर्याय यादीतूनच काढा.

नंदादीप
@खारवारा, हा समज फार पसरला आहे, पण आकड्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीसाठी अट अशी आहे: तिची लिहिण्याची ठरलेली क्षमता पूर्ण वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सियसला, वीज न देता १ वर्ष माहिती टिकली पाहिजे. म्हणजे तो झिजलेल्या ड्राइव्हचा किमान आकडा आहे. एकदाच भरलेल्या नव्या ड्राइव्हमध्ये माहिती त्याहून बरीच जास्त टिकते.

कारण समजून घेतलं तर निर्णय सोपा होतो. एसएसडीतल्या फ्लॅश चिपच्या पेशीत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. टीएलसी पेशीत ३ बिट म्हणजे विद्युतदाबाच्या ८ पातळ्या, क्यूएलसीत ४ बिट म्हणजे १६. पातळ्या जितक्या जवळ, तितकी थोडीशी गळतीही पातळी चुकवायला पुरते. दर वेळी पुसताना-लिहिताना पेशीभोवतीचं ऑक्साइडचं आवरण झिजतं आणि गळती वाढते. त्यात तापमान. जेडेकच्याच तक्त्यात साठवणुकीचं तापमान ५ अंशांनी वाढलं की टिकण्याचा काळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात बंद खोलीतलं लोखंडी कपाट ३५ अंशांच्या वर जातं. त्यामुळे निष्कर्ष खारवारा म्हणतात तोच: कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर नको, क्यूएलसीवर तर मुळीच नको. फक्त "वर्षात कोरी" हे कारण धरू नका.

आणि ठेवलीच, तर सहा महिन्यांनी नुसती वीज देऊन भागत नाही. सगळ्या फाइल एकदा पूर्ण वाचून काढा. वाचताना चुका वाढलेल्या आढळल्या तरच कंट्रोलर (ड्राइव्हमधली नियंत्रक चिप) तो भाग नव्यानं लिहितो.

खारवारा
मान्य. कारण चुकीचं दिलं होतं.

सावली
ब्लू-रे इतक्या पटकन सोडू नका. २५ जीबीची तबकडी, एकदा लिहिली की बदलत नाही. व्हायरस, चुकून डिलीट, खंडणीखोर सॉफ्टवेअर, कशानंच पुसली जात नाही. वीस वर्षांच्या हिशेबात हा मोठा गुण आहे. घेताना वेष्टनावर एलटीएच लिहिलेलं टाळा, त्यात सीडी-आरसारखा सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो उजेडानं, उष्णतेनं बिघडतो. एचटीएल किंवा एम-डिस्क प्रकारात थर अजैविक असतो.

चुंबकसूची
@सावली, गुण खरा, पण गणित बघा. अडीच टीबी म्हणजे १०० तबकड्या. ४ पट वेगानं १८ एमबी प्रतिसेकंद, एक तबकडी २३ मिनिटं आणि पडताळणी धरून पाऊण तास. शंभर तबकड्यांचे ७५ तास, दर पाऊण तासाला माणूस हजर. दुसरी प्रत करायची तर पुन्हा तेवढेच.

शिवाय सोनीनं रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. तबकडी टिकेलही, पण २०४५ मध्ये ती वाचणारं यंत्र शोधावं लागेल.

सावली
सगळे अडीच टीबी नाही, हे पटलं. पण त्यातली अतिदुर्मीळ निवडक पानं, समजा २०० जीबी, आठ तबकड्यांवर ठेवायला काय हरकत? सहा तासांचं काम आहे. लिहिल्यावर तबकड्या उभ्या ठेवायच्या. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मऊ पेननं लिहायचं. बॉलपेन नको, दाबानं थराला इजा होते. चिकटपट्टीचं लेबल तर कधीच नको.

चुंबकसूची
आठ तबकड्यांना माझाही पाठिंबा.

अनघड
पेन ड्राइव्हवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. त्यात बहुधा सर्वांत हलक्या प्रतीची फ्लॅश जाते आणि प्रकृती सांगणारी स्मार्ट माहितीही बहुतेकांत मिळत नाही, त्यामुळे बिघाडाची पूर्वसूचना नाही. आज चालू, उद्या "डिस्क फॉरमॅट करा" असा संदेश. एका गावाहून दुसऱ्या गावी फाइल न्यायला उत्तम, जपणुकीला नाही.

दुसरं म्हणजे खोटी क्षमता. आत ३२ जीबीची चिप आणि कंट्रोलरला १ टीबी सांगायला शिकवलेलं. ३२ जीबी भरल्यावर पुढची माहिती हवेत जाते किंवा आधीच्या माहितीवरच लिहिली जाते. फाइलींची नावं यादीत दिसत राहतात, आकारही बरोबर दिसतो, उघडायला गेलं की आत काही नसतं. म्हणून कोणतंही नवं साधन, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची एसएसडी, रिकामं असतानाच पूर्ण भरून वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही मोफत. स्वस्तातली "१६ टीबी एसएसडी" दिसली तर तपासायचीसुद्धा गरज नाही.

फीतवाला
टेपचाही विचार नोंदवून ठेवतो. कपाटात पडून राहण्यासाठीच बनवलेलं साधन तेच आहे. एलटीओ हा टेपचा प्रचलित प्रकार, त्याच्या आठव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-८ च्या एका काडतुसात १२ टीबी, एलटीओ-९ मध्ये १८ टीबी, आणि योग्य हवेत ३० वर्षं टिकण्याचा दावा. काडतूस परवडतं, पण ड्राइव्ह लाखांच्या घरात आणि त्याला संगणकात सॅस नावाचं वेगळं जोडणी-कार्ड लागतं. पिढ्यांची अडचणही आहे: एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत, एलटीओ-८ फक्त मागची एक वाचतो, एलटीओ-१० तर मागचं काहीच वाचत नाही. अडीच टीबीसाठी टेप नको. जिल्ह्यातल्या दहा-बारा वाचनालयांनी मिळून एक ड्राइव्ह घेतला तर मात्र हिशेब बदलतो.

पोथीशाळा
सगळ्यांचे आभार, समितीला दाखवायला मुद्दे मिळत आहेत. म्हणजे हार्ड डिस्क. पण दुकानदार म्हणतो की बाहेरच्या छोट्या डिस्क आता "एसएमआर" असतात, त्या घेऊ नका. हे काय आहे?

रिकामा_सेक्टर
एसएमआर म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या पट्ट्या. वाचणारं हेड अरुंद, लिहिणारं रुंद, म्हणून लिहिताना शेजारची पट्टी थोडी झाकली जाते. सलग लिहिलं तर काही अडत नाही. मधलंच एक कौल बदलायचं झालं, तर त्या पट्ट्यातली पुढची सगळी कौलं उचलून परत बसवावी लागतात, आणि तेव्हा वेग १०-२० एमबीवर येतो. बाहेरून जोडायच्या अडीच इंची, २ टीबी आणि वरच्या जवळपास सगळ्या डिस्क एसएमआर आहेत.

नॅस (नेटवर्कवर जोडलेली साठवणपेटी) किंवा रेड रचनेत (अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या) एसएमआर घालू नये. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या "रेड" नावाच्या डिस्क मालिकेत न सांगता एसएमआर आल्याचं उघड झालं तेव्हा मोठा गदारोळ झाला तो त्याचसाठी. एक डिस्क बदलून रेड रचना पुन्हा उभारताना एसएमआर डिस्क इतकी मागे पडते की कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. त्यानंतर सीएमआरसाठी (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी नेहमीची पद्धत) "रेड प्लस" हे वेगळं नाव आलं.

तुम्ही एकदाच, सलग, रिकाम्या डिस्कवर लिहिणार. एसएमआर चालेल.

खारवारा
असहमत. वीस वर्षांसाठी साडेतीन इंची सीएमआरच घ्यावी. मोठी, मजबूत, आतली डिस्क काढून थेट साटाला जोडता येते. छोट्या डिस्कमध्ये काही कंपन्यांनी यूएसबीचं तोंड पीसीबीवरच (डिस्कच्या सर्किट पट्टीवर) जोडलेलं असतं, साटा नाहीच. तोंड मोडलं की सगळं अडलं.

रिकामा_सेक्टर
तुमचा मुद्दा दुरुस्तीच्या बाजूनं बरोबर. पण साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि यांच्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते. लॅपटॉपला जोडलेली अडीच इंची डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहते, कॉपी मध्ये तुटत नाही. साडेतीन इंची घेतलीत तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्यावाच लागेल. नुसत्या घरगुती इन्व्हर्टरवर भिस्त नको, बदल होताना वीज क्षणभर तुटते आणि तेवढ्यात डिस्क बंद पडून पुन्हा सुरू होते.

अडीच इंची जोडताना लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ तोंडालाच जोडा. यूएसबी २ चं तोंड ५०० मिलिअँपिअर देतं, ३ चं ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना १ अँपिअरच्या आसपास ओढते. वीज कमी पडली की टक-टक आवाज येतो आणि लोक डिस्क खराब समजून टाकतात. आधी दुसरं तोंड, आखूड केबल, एवढं करून बघा. वेगाचंही तेच: यूएसबी २ वर ३५ एमबी मिळतात आणि साडेपाच तासांचे वीस तास होतात.

खारवारा
विजेचा मुद्दा लक्षात घेतला नव्हता. मग एक अडीच इंची, एक साडेतीन इंची असं करता येईल. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या नसाव्यात. एकाच खेपेत दोष असला तर दोन्ही बरोबरच जातात.

तांबडी_माती
हवेबद्दल. ४ टीबीची साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. झाकणावर बारीक छिद्र असतं, आत गाळणी. (हीलियमच्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्या वेगळ्या.) ते छिद्र चिकटपट्टीनं बुजवू नका. खरं नुकसान ओलाव्यापेक्षा दवानं होतं: एसीच्या खोलीतून किंवा थंड गाडीतून आणलेली डिस्क दमट खोलीत लगेच उघडून जोडली की आत पाणी धरतं. पिशवी न उघडता तीन-चार तास तशीच ठेवा, मग जोडा.

खाऱ्या हवेत दुसरी जागा म्हणजे पीसीबीच्या आतल्या बाजूचे तांब्याचे, चांदीसारखे कॉन्टॅक्ट. त्यांच्यावर काळा थर चढतो आणि डिस्क ओळखली जात नाही. म्हणून डबा.

पाच लिटरचा, रबरी कडेचा हवाबंद डबा. प्रत्येक डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत. तळाशी ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, रंग बदलणारं घ्या. नारिंगी हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरायचं. निळं-गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. ३५ ते ४५ टक्के छान. पावसाळ्यात डबा शक्यतो उघडायचाच नाही, मे अखेरीस तपासणी उरकून घ्यायची. आणि तळमजला असेल तर डबा जमिनीपासून निदान पाच-सहा फूट वर.

मीठभाकर
"डब्यात सिलिका जेल" म्हणजे पापडाच्या डब्यातल्या तांदळाच्या पुरचुंडीचीच पुढची पिढी! चालेल का तांदूळ? :)

तांबडी_माती
@मीठभाकर, पापडाला चालतात :) पण तांदूळ फार थोडा ओलावा घेतात, भुकटी सोडतात आणि पोरकिडे येतात. डिस्कजवळ नकोत.

काना_मात्रा
अवांतर वाटेल, पण याच कामाशी बांधलेलं आहे. फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत का? असतील तर दोन गोष्टी.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: "क्ष" तीन चिन्हं, ९ बाइट. विंडोजवर निमूट चाललेलं "अमुक मासिक, वर्ष ७ वे, अंक ३ रा, संपादकीय आणि…" असं लांबलचक नाव लिनक्सच्या नॅसवर कॉपी होताना अडतं, आणि ती फाइल मागे राहिलेली कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं "ऱ". युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल व्यवस्था तो फोडून ठेवते. त्यामुळे "वऱ्हाड" नावाचा फोल्डर मॅकवरून फिरून लिनक्सवर परत आला की डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन "वऱ्हाड" तयार होतात आणि पडताळणीच्या यादीत एक "गहाळ" दिसतो.

म्हणून फाइलला रोमन अक्षरं-आकड्यांचं छोटं सांकेतिक नाव, आणि पूर्ण मराठी नाव एका सूचीत. सूची साध्या यूटीएफ-८ मजकुरात, शिवाय कागदावर छापून.

नंदादीप
काना_मात्रांचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. "पडताळणीची यादी" हा शब्द आला, तर तेच नीट सांगतो, कारण दोन डिस्क असूनही माहिती जाते ती बहुधा इथं: मूळ प्रतीत एक फाइल बिघडते आणि पुढच्या वेळी तीच बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर कॉपी होते.

स्कॅनिंग पूर्ण झाल्यावर प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलच्या माहितीवरून निघणारा, ती जराही बदलली तर बदलणारा सांकेतिक आकडा) काढा. टेराकॉपी हे सॉफ्टवेअर कॉपी करतानाच तो काढून पडताळतं. १ लाख फाइलींची यादी पंधरा-वीस एमबीच्या आत राहते. ती प्रत्येक डिस्कवर ठेवा आणि ईमेलनंही दोघा-तिघांकडे पाठवा. दर वर्षी डिस्कवरच्या फाइलींचे ठसे यादीशी जुळवा, प्रत्येक डिस्कला सहा तास लागतील. न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीतून आणायची, तिथं तिचा ठसा जुळतो हे बघूनच.

रिकामा_सेक्टर
त्याच वेळी डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लांबलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. यातला कोणताही शून्यावरून वर गेला आणि वाढत राहिला तर डिस्क बदलायची, थांबायचं नाही. सी७ वाढला तर दोष बहुधा केबलचा.

वाचताना डिस्क अडखळली तर विंडोजची चेकडिस्क (डिस्क दुरुस्तीची सोय) चालवू नका, ती आजारी डिस्कवर लिहीत बसते. आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रतिमा, नकाशा फाइलसह (कोणता भाग वाचला, कोणता उरला याची नोंद). पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं, मग उरलेल्यावर तीन फेऱ्या. फ्रीजरमध्ये ठेवणं, झाकण उघडणं, थोपटणं, यातलं काहीही नको.

सावली
तिसरी प्रत गावाबाहेर हवीच. एकाच इमारतीत दोन डिस्क आणि पूर आला तर दोन्ही गेल्या. क्लाउड?

चुंबकसूची
२० एमबीपीएस अपलोडला अडीच टीबी म्हणजे अखंड साडेअकरा दिवस, तुटत-जोडत महिना धरा. शिवाय भाडं दरमहा, वीस वर्षं, आणि अनुदान एका वर्षी लांबलं की खातं बंद. माझ्या मते घाटावरच्या एखाद्या वाचनालयाशी अदलाबदल करावी: त्यांची डिस्क तुमच्याकडे, तुमची त्यांच्याकडे. तिथं हवाही कोरडी.

काना_मात्रा
आणि ज्या लेखकांच्या मृत्यूला ६० वर्षं उलटून गेली आहेत त्यांचं साहित्य प्रताधिकारातून मुक्त आहे. त्यांच्या पीडीएफ इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्सवर चढवा, मराठी विकिस्रोतावर मजकूरही होईल. मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, त्यामुळे अंक चढवण्याआधी अनुक्रमणिकेवरून नावं तपासावी लागतील.

पोथीशाळा
समितीपुढे असं मांडतो. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक अडीच इंची आणि एक साडेतीन इंची, सिलिका जेलच्या डब्यात. अडीच इंची तिसरी कोल्हापूरच्या बाजूच्या वाचनालयात. निवडक २०० जीबी एचटीएल ब्लू-रेवर. वाचकांसाठी एसएसडी. दर मे महिन्यात ठसे जुळवणं. साडेतीन इंचीसाठी छोटा यूपीएस. दोन शंका: ४ टीबीची डिस्क दुकानातल्या विंडोजवर ३.६३ दिसली, ती खोटी तर नाही? आणि फॉरमॅट कोणतं ठेवावं?

अनघड
खोटी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, नाव दोघंही टीबीच देतात. ३.६३ बरोबर. तरीही एच२टेस्टडब्ल्यू चालवाच, पूर्ण दिवसभर चालेल.

नंदादीप
विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस. एक्सफॅट सगळीकडे चालतं, पण त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही, केबल मध्येच निघाली तर फोल्डरची यादीच बिघडू शकते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावू नका. हे गुपित नाही, आणि ४८ आकडी किल्ली पंधरा वर्षांनी कोणाकडे असेल सांगता येत नाही.

रिकामा_सेक्टर
पाच-सहा वर्षांनी तपासणीत सगळं ठीक आलं तरी नव्या डिस्कवर उतरवा, जुनी जादा प्रत म्हणून राहू द्या. खरेदीची तारीख, अनुक्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख डिस्कच्या पिशवीवर कागदाच्या चिठ्ठीत लिहा. साडेतीन इंचीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच डब्यात, डिस्कचं नाव बांधून. चुकून १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर बसला तर पीसीबी जळतो.

पोथीशाळा
अडॅप्टरला चिठ्ठी आजच बांधली जाईल. आर्द्रतामापक आला की डब्यातले आकडे इथं टाकतो.